सोळा दिवस, बारा गेम आणि एकच गोली

पत्र असं आहे:

‘आम्ही तिघं मित्र, चाळिशी ओलांडलेले. बर्फावरची हॉकी हौसेने खेळतो, आठवड्यातून एकदा, मधल्या दर्जाच्या लीगमध्ये. मी आणि एक मित्र फॉरवर्ड, तिसरा गोली, म्हणजे गोलरक्षक. या हिवाळ्यात १६ दिवसांची सुट्टी काढून गाडीने मोठी फेरी मारून घरी परतायचं आहे. अंदाजे ४,२०० किलोमीटर, एकच गाडी. वाटेतल्या गावांत ड्रॉप-इन सेशनमध्ये, म्हणजे नाव नोंदवून कुणालाही उतरता येईल अशा खुल्या खेळात, खेळत जायचं. मुक्काम नकाशावर ठरवून झालेत आणि त्यांत १२ गेम बसतात. काय काय बिघडू शकतं? सामान मावेल का? गोलीची जांघ गेल्या मोसमात धरली होती, तीही एक काळजी आहे.’

नमस्कार,

प्रवास जमण्यासारखा आहे. बारा गेम मात्र जमणार नाहीत, आठ जमतील. हा आकडा कुठून आला ते आधी सांगतो, कारण तो पटला की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

४,२०० किलोमीटरना ताशी ८० चा वेग धरला तर नकाशा साडेबावन्न तास दाखवेल. पेट्रोल, जेवण, पाय मोकळे करणं, बर्फ ओढणाऱ्या गाडीच्या मागे रखडणं, हे सगळं धरून त्यावर पाव हिस्सा चढवा. साधारण ६६ तास झाले. एका गेमला रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) पाऊण तास आधी पोचायचं, सव्वा तास बर्फावर, मग आंघोळ, कपडे, बॅगा. म्हणजे तीन तास गेलेच. बारा गेमचे ३६. एकूण १०२ तास, सोळा दिवसांत वाटले तर रोजचे साडेसहासुद्धा नाहीत. म्हणूनच तुम्हाला ते बसलेले दिसले.

या हिशेबात ओलं सामान धरलेलं नाही. घरी आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला त्याचा विचार करावाच लागत नाही, कारण त्याच्या ग्लोव्ह्जना वाळायला सहा दिवस मिळतात. रस्त्यावर मात्र वेग ठरतो तो त्यांच्याच मर्जीने. पंख्यासमोर नीट टांगलेले शिनगार्ड आणि शोल्डर पॅड रात्रीत वाळतात. ग्लोव्ह्ज आणि स्केटच्या आतलं अस्तर यांना जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. गोलीचा ट्रॅपर, ब्लॉकर (दोन हातांतले त्याचे मोठे ग्लोव्ह्ज) आणि चेस्ट प्रोटेक्टर त्याहून हट्टी. रोज किंवा दिवसाआड संध्याकाळी खेळून मधल्या वेळेत सामान बॅगेत बंद ठेवलंत, तर तिसऱ्या गेमला ओल्या ग्लोव्ह्जमध्ये हात घालाल. पाचव्याला ग्लोव्ह्जच्या तळव्याचं कातडं कडक होऊन अंगठ्याच्या बेचक्यात फाटायला लागेल. ओल्या स्केटमध्ये टाचेला फोड येतात, पात्यांवर आणि रिव्हेटवर गंज चढतो. त्वचेचे आजार, म्हणजे गजकर्ण, केसतोड, पुळ्या, तेही इथूनच. वासाचं तर आम्ही बोलतच नाही. तो तुम्हाला माहीत आहे, फक्त बंद गाडीत साडेसहा तास कोंडलेला अजून माहीत नाही.

म्हणून दोन गेममध्ये किमान ४० तास ठेवा. त्यावरून चार दिवसांचा एक टप्पा आखता येतो, आणि तुमच्या फेरीत असे चार टप्पे बरोबर बसतात. पहिल्या दिवशी ५०० किलोमीटर, गेम नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी २०० किलोमीटर, दुपारी पोचून आराम, संध्याकाळी सात-आठला गेम, मुक्काम तिथेच. तिसऱ्या दिवशी अकराच्या आत निघायचं नाही. ३०० किलोमीटर, गेम नाही. चौथ्या दिवशी सकाळी जेमतेम ५० किलोमीटर, दुपारी बाराच्या सुमारास गेम, पुन्हा मुक्काम तिथेच. झाले १,०५० किलोमीटर आणि दोन गेम. चार टप्पे म्हणजे ४,२०० आणि आठ. दुसऱ्या दिवसाचा संध्याकाळचा गेम आणि चौथ्या दिवसाचा दुपारचा गेम यांत सामानाला दोन रात्री मिळतात, आणि पुढच्या टप्प्यातल्या गेमपर्यंत पुन्हा दोन. सोळाव्या दिवशीचा गेम घराजवळच्या रिंकवर पडतो, तेव्हा शेवटचं सामान एकदाचं घरीच वाळेल.

याचा अर्थ ठरवलेले मुक्काम बाजूला ठेवावे लागतील, कारण क्रम उलटा आहे. आधी बर्फ मिळण्याची वेळ, मग गाव, मग रस्ता. प्रौढांची ड्रॉप-इन सेशन बहुतेक दोनच वेळांना सापडतात: कामाच्या दिवशी दुपारी आणि रात्री उशिरा. मधला वेळ मुलांचे सराव, फिगर स्केटिंग आणि लीगचे सामने खाऊन टाकतात. शनिवार-रविवार स्पर्धांमुळे रिंक भरलेली असते. तेव्हा टप्प्यातला चौथा दिवस कामाच्या दिवशी येईल असं बघा, दुपारचं सेशन सोपं सापडतं. संध्याकाळचं सात-आठचं मिळवायला जास्त शोधाशोध करावी लागेल. रात्री साडेदहाचं सेशन दिसलं तर सोडून द्या. बारा वाजता बर्फावरून उतरलेल्या माणसाला दोनच्या आत झोप लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात स्टीअरिंग असतं.

वेळापत्रकावर विसंबू नका. स्पर्धा, शाळेची सुट्टी, बिघडलेला कॉम्प्रेसर, काहीही निमित्त होऊन सेशन रद्द होतं आणि संकेतस्थळावर जुनंच वेळापत्रक तसंच राहतं. दोनदा फोन करा: आठवडाभर आधी एकदा, गेमच्या दिवशी सकाळी एकदा. पहिल्या फोनवर विचारायचं: किती जण नोंदवले जातात (वीस-चोवीस स्केटर आणि दोन गोली ही नेहमीची मर्यादा), नोंदणी किती दिवस आधी उघडते, वयाची अट आहे का, राष्ट्रीय संघटनेचा सभासद क्रमांक लागतो का, पूर्ण जाळीचं हेल्मेट आणि मानेचा पट्टा सक्तीचा आहे का. काही ठिकाणी हेल्मेटवरच्या प्रमाणपत्राच्या स्टिकरची मुदतही बघतात. तुमचं हेल्मेट सहा-सात वर्षांचं असेल तर निघण्याआधी तो स्टिकर वाचून ठेवा.

दर्जाचा प्रश्न जरा वळसा घालून विचारावा लागतो. ‘मधला दर्जा’ किंवा ‘सी’ या शब्दांना गावागणिक वेगळा अर्थ असतो. एका ठिकाणचा सी दुसऱ्या ठिकाणी बी निघतो, आणि कुठेकुठे ‘सर्वांसाठी खुलं’ म्हणजे कॉलेजात खेळलेली पंचविशीतली पोरं. ‘नेहमी येणारे लोक कुठल्या लीगमध्ये खेळतात आणि वय साधारण काय?’ हे विचारलं की खरं चित्र कळतं. पस्तीस किंवा पन्नासच्या पुढच्यांसाठी राखीव सेशन असेल तर डोळे झाकून ते घ्या. तिथे खेळ संथ नसतो, शहाणा असतो.

आणि फोनवरचं पहिलं वाक्य हे ठेवा: ‘आमच्याबरोबर गोली आहे.’ प्रत्येक सेशनला दोन गोली लागतात, आणि दुसरा मिळवताना चालवणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. बऱ्याच ठिकाणी गोलीकडून पैसेच घेत नाहीत किंवा कमी घेतात. गोलीमागोमाग त्याच्या दोन मित्रांनाही भरलेल्या यादीत जागा निघते. धोका एवढाच, की सेशन संपताना कुणीतरी येऊन विचारतं, ‘पुढच्या तासालाही थांबतोस का?’ उत्तर ‘नाही’. हे तुम्ही दोघांनी त्याच्या वतीने आधीच ठरवून ठेवा, कारण गोलींना नकार देता येत नाही.

त्याच्या जांघेबद्दल. फॉरवर्ड पाऊण-एक मिनिटाची शिफ्ट खेळून बेंचवर येतो. गोली सव्वा तास आत असतो, आणि बटरफ्लायमध्ये (गुडघे बर्फावर टेकून पाय दोन्हीकडे पसरण्याच्या पवित्र्यात) बसताना-उठताना दर वेळी ताण येतो तो मांडीच्या आतल्या स्नायूवर. हा स्नायू आणि मांडी पोटाकडे ओढणारे पुढचे स्नायू गाडीत तासन् तास आखडलेल्या अवस्थेत राहतात. तिथून थेट थंडगार बर्फावर उतरणं, हीच जांघ पुन्हा धरण्याची खात्रीची पद्धत. व्यावसायिक हॉकीपटूंच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की मांडीच्या आतल्या स्नायूंची ताकद बाहेरच्यांच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तर जांघ धरण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. ही ताकद वाढवायला सहा-आठ आठवडे लागतात, तेव्हा काम आजपासूनच. एका कुशीवर कोपराच्या आधाराने आडवं होऊन वरचा पाय बाकावर ठेवायचा, आणि त्याच पायाच्या जोरावर कंबर उचलून धरायची. याला कोपनहेगन म्हणतात. सुरुवातीला पावलाऐवजी गुडघा बाकावर टेकवावा, दहा-दहा सेकंद, प्रत्येक बाजूला चार-पाच वेळा, आठवड्यातून दोनदा. जुनं दुखणं अजून बोलत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं. तिथून होकार आला नाही तर आठचे सहा गेम करावेत आणि वाईट वाटून घेऊ नये.

प्रवासात गेमच्या दिवशी गेमआधी त्याने गाडी चालवायची नाही. ती पाळी तुम्हा दोघांची. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तो आपला वाटा उचलेल. दर दोन तासांनी गाडी थांबली की पाच मिनिटं सगळ्यांनीच उतरायचं: लांब पावलांचे लंज, बाजूला झुकून लंज, पोटऱ्या ताणणं. रिंकवर स्केट चढवण्याआधी दहा मिनिटं वेगळी: गुडघ्यांमध्ये पक्सची (हॉकीच्या रबरी चकत्यांची) पिशवी किंवा गुंडाळलेला टॉवेल दाबून धरायचा, दहा सेकंद, पाच वेळा, मग पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, मग जागच्या जागी हलकं धावणं. आडवी स्प्लिट मारून स्नायू खेचून बसणं गेमआधी नको, ते खेळून झाल्यावर.

गोलीसाठी आणखी एक बारकावा. रिंकच्या दोन मापांची जगभर चलती आहे: साधारण ६१ बाय २६ मीटर आणि ६० बाय ३०. रुंद रिंकवर नेमबाज बाजूला जास्त दूरून येतो, आणि सवयीने घेतलेला कोन दोन-तीन बोटं चुकतो. वॉर्मअपमध्ये दोन्ही फेसऑफ ठिपक्यांवरून (जिथे पक टाकून खेळ सुरू करतात) एकेक शॉट मागून घेतला की डोळा जुळतो.

आता सामान. फॉरवर्डची भरलेली बॅग १३-१५ किलो, गोलीची २०-२५. घामाने भिजल्यावर वजन आणखी वाढतं. गोलीचे पॅड ८५ ते ९५ सेंटिमीटर उंच, ते बॅगेत मावले तर मावले. मोठ्यांच्या स्टिक दीड मीटरच्या पुढे. तीन माणसं, एक साधी मोठी गाडी आणि दोन भागांत पडणारी मागची सीट असेल तर मावतं: रुंद भाग पाडायचा, तिसरा माणूस अरुंद भागात. गोलीची बॅग सर्वांत खाली, पुढच्या सीटच्या पाठीला चिकटून, आडवी. तिच्या मागे दोन बॅगा. पॅड सगळ्यांत वर, पण मागच्या काचेच्या खालच्या कडेच्या वर काही येता कामा नये. सहा-सात स्टिकची मोळी दोन ठिकाणी पट्ट्याने बांधून पाडलेल्या सीटच्या बाजूने सरकवायची आणि तीच मोळी सामानाच्या हुकांना बांधायची. सुटी स्टिक जोरात ब्रेक मारल्यावर भाल्यासारखी पुढे येते. बॅगांखाली काठ असलेला प्लास्टिकचा ट्रे किंवा जाड ताडपत्री घाला. स्केटवरचा बर्फ वितळून बॅगेतून झिरपतो, आणि एकदा गाडीच्या गालिच्यात पाणी मुरलं की सोळा दिवस मुरलेलंच राहतं.

समोरच्या काचेवर आतून धुकं धरायला लागलं तर हीटर बिघडलाय असं समजू नका. मागच्या बॅगांतली वाफ आहे ती. गाडीतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्या, एसी चालू ठेवा (थंडीतही, तो हवा कोरडी करतो) आणि गरम हवा काचेवर सोडा. वासावरही तोच उपाय.

मुक्कामाची खोली शक्यतो तळमजल्यावरची आणि रिंकपासून पंधरा मिनिटांच्या आत. गेम झाल्यावर त्याहून जास्त कुणीही गाडी चालवायची नाही. सामान रात्री गाडीत ठेवू नका. गोठलेलं सामान वाळत नाही, जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. थंडीने प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि बाहेरून काचेतून दिसणारी बॅग चोरालाही दिसते. बरोबर घ्या: आठ-दहा मीटर दोरी, एस आकाराचे डझनभर हुक, दोन छोटे टेबलपंखे, एक मल्टिप्लग आणि दोन बाय तीन मीटरचं प्लास्टिक. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या, आंघोळीच्याही आधी, प्लास्टिक अंथरून बॅगा त्यावर उलट्या करायच्या. दहा मिनिटं लागतात. ‘जरा पडतो आणि मग करतो’ म्हणणारा सकाळी ओलं सामान भरतो.

ग्लोव्ह्जची पद्धत नीट लक्षात ठेवा, कारण पहिले तेच सडतात. आधी कोरड्या टॉवेलने आतून पुसा. बोटांत वर्तमानपत्राचे सैल बोळे घाला, घट्ट नकोत. मनगटाचं तोंड पंख्याकडे करून आडवे ठेवा. तासाभराने भिजलेले बोळे काढून फेका, आता बोटं वर करून टांगा आणि पंखा खालून मनगटात सोडा. हेअर ड्रायर गरमवर लावू नका, रेडिएटरवर ठेवू नका. कातडं वरून तडकतं आणि आतून ओलंच राहतं. स्केटची आतली गादी बाहेर काढायची, जीभ पूर्ण पुढे ओढायची, लेस तळापर्यंत सैल. हेल्मेटच्या आत आणि चेस्ट प्रोटेक्टरवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात मिसळून फवारलं की वास बराच आटोक्यात राहतो. खोलीला तासभर लोणच्याचा वास येईल, तेवढा सोसा. आतले कपडे तीन जोड पुरतात: एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. रात्री बेसिनमध्ये धुऊन, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळले की सकाळपर्यंत वाळतात.

स्केटची धार हा रस्त्यावरचा दुसरा मोठा घोटाळा. पात्याच्या तळाला दोन कडांमध्ये जी खाच असते तिची त्रिज्या प्रत्येकाची वेगळी. अर्धा इंच हे सर्वसाधारण माप. आकडा जितका लहान तितकी खाच खोल आणि पकड जास्त. तुम्ही नेहमी पाच-अष्टमांश वापरत असाल आणि अनोळखी दुकानात न सांगता अर्धा करून मिळालं, तर पहिल्या थांब्याला पाय बर्फात रुतल्यासारखा होतो. जड माणसाला आणि मऊ बर्फाला उथळ खाच बरी, कडक बर्फाला खोल. आपलं माप कागदावर लिहून स्केटच्या पिशवीत ठेवा.

पण त्याहून चांगलं म्हणजे अनोळखी यंत्राची वेळच येऊ न देणं. आठ गेम म्हणजे बर्फावर जेमतेम दहा तास, त्यातही तुम्ही फॉरवर्ड अर्धा वेळ बेंचवर. तुमच्या स्केटची पाती कळ दाबून निघणारी असतील तर धार लावलेला दुसरा जोड बरोबर न्या. चौथ्या गेमनंतर बदलला की परत येईपर्यंत दुकान शोधावं लागत नाही. गोलीचा जोड गोलपोस्टवर आपटून खरवडला जातो, त्याच्यासाठी हे जास्तच लागू. तरीही कुठे धार लावावीच लागली, तर पैसे देण्याआधी स्केट उलटा धरून पात्यावर आडवं नाणं ठेवा आणि डोळ्यांच्या रेषेत आणा. नाणं पात्याशी काटकोनात दिसायला हवं. एका बाजूला कललं असेल तर एक कड उंच राहिलीय, आणि तुम्ही एकाच दिशेला नीट वळू शकाल. मग दोन्ही कडांवरून नख आडवं फिरवा. दोन्हीकडे सारखी भुकटी निघाली पाहिजे.

बर्फावरून आलात की पाती कोरडी पुसून त्यांवर कापडी कव्हर. प्लास्टिकचे कडक गार्ड फक्त चालण्यापुरते. ते घालून स्केट बॅगेत टाकले की आत पाणी साठतं आणि सकाळी कडेवर तांबूस ठिपके दिसतात.

सुट्या वस्तूंचा एक छोटा डबा करा. प्रत्येकाची एक लेस जास्तीची, आपल्या मापाची; कापडी टेपची चार रिळं, शिनगार्डच्या पारदर्शक टेपची तीन; हेल्मेटचे स्क्रू, जाळीच्या क्लिपा आणि त्यांना बसणारा स्क्रूड्रायव्हर; धारेचा बारीक दगड; एक जास्तीचा माउथगार्ड; गोलीच्या पॅडची एक सुटी पट्टी आणि बुटाच्या टोकाला बांधायची दोरी; प्लास्टिकचे झिपटाय मूठभर. गोलीच्या पॅडची पट्टी तुटली तर गेम संपला, आणि ती वाटेतल्या दुकानात मिळेलच असं नाही. स्टिक प्रत्येकी दोन, एकाच वळणाच्या. जर्सी प्रत्येकी दोन, एक गडद आणि एक पांढरी. ड्रॉप-इनमध्ये संघ रंगावरच पडतात.

मानेचा पट्टा सक्तीचा नसला तरी घाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात मानेला स्केटचं पातं लागून अ‍ॅडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत पट्टा सक्तीचा केला. हौशी खेळात पडापड जास्तच असते.

अनोळखी सेशनमध्ये वागायचं कसं हे चाळिशीतल्या खेळाडूला सांगायला नको, तरी दोन गोष्टी. पहिली दहा मिनिटं शिफ्ट मुद्दाम छोट्या ठेवा आणि पहिला पास द्या. तिथल्या लोकांना तुमच्या गोलांपेक्षा तुम्ही बेंचवर कधी येता हे आधी दिसतं. आणि तुम्ही तिघं एकाच संघात हट्टाने राहू नका. गोली मित्राच्या विरुद्ध खेळायला मिळणं ही या प्रवासातली खरी गंमत आहे.

दुखापतीची तयारी दोन कागदांवर असते. प्रवास विम्याच्या अटींत ‘आईस हॉकी’ हा शब्द शोधा. पुष्कळ पॉलिसींत तो वगळलेल्या खेळांत असतो किंवा जास्तीच्या हप्त्यावर मिळतो, आणि ‘संघटित स्पर्धा’ वेगळी वगळलेली असते. दुसरं म्हणजे गाडीचा विमा, आणि भाड्याची गाडी असेल तर करार: तिघांचीही नावं चालक म्हणून हवीत. कारण ज्याच्या डोक्याला मार लागला, त्याने त्या दिवशी पुन्हा बर्फावर जायचं नाही, आणि डॉक्टरने बघून परवानगी देईपर्यंत गाडी चालवायची नाही. नेमका तोच एकटा नोंदलेला चालक असेल तर तुम्ही तिथेच अडकलात. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, न ओसरणारी गुंगी, एक बाहुली दुसरीहून मोठी, बोलताना अडखळणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय.

हवामानाचा नियम निघण्याआधीच तिघांनी मान्य करा: गेम गाठण्यासाठी बर्फाच्या वादळात गाडी काढायची नाही. तिसरा दिवस मुद्दाम हलका ठेवलाय. वादळात एक दिवस गेला तर चौथ्या दिवसाचा गेम सोडा आणि पुढचा टप्पा ठरल्या वेळी सुरू करा. म्हणून सेशनची नोंदणी पैसे परत मिळणारी किंवा आदल्या दिवशी रद्द करता येणारी घ्या, खोल्याही तशाच. हिवाळी टायर, फावडं, पांघरुणं आणि अर्ध्याच्या खाली न जाणारी पेट्रोलची टाकी हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. रिंकच्या आसपास साठ किलोमीटरमध्ये दुसरी एखादी रिंक हेरून ठेवा. सेशन रद्द झालं तर तिथलं साधं स्टिक-अँड-पक सेशनसुद्धा (सामना नाही, नुसता सराव) चालतं. गोलीला शॉट मिळतात, तुम्हाला घाम.

निघण्याच्या दोन आठवडे आधी एक तालीम करा. नेहमीचा लीगचा गेम खेळा, तिघांचं मिळून ओलं सामान त्याच गाडीत, वर सांगितल्याप्रमाणे भरा, दोन तास गाडी चालवा आणि परत येऊन एकाच खोलीत दोरी बांधून सगळं वाळत घाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ग्लोव्ह्जमध्ये हात घालून बघा. बोटांची टोकं अजून दमट लागली तर तिसरा पंखा घ्या.